भट्टीवरचं स्वस्तिक

चार माणसं जमली आणि मी गप्प बसलो, तर बायको माझ्या कपाळाला हात लावून ताप बघते. नकला हा माझा जुना आजार. दिल्लीतल्या सरकारी नोकरीत तो बरा होईल असं वाटलं होतं. पण इथे नकला कराव्यात असे साहेब फार भेटले.

लष्कराच्या कॅमेऱ्यांत परदेशी सर्किट बोर्ड नकोत, आत काय दडवलेलं असेल सांगता येत नाही. म्हणून ते इथे बनवणाऱ्या कारखान्यांना सरकार अनुदान देतं. ते खरंच इथे बनतात का, हे जाऊन बघणं माझं काम. उन्हाळ्यात असाच दिल्लीजवळ मानेसरच्या एका कारखान्यात गेलो. मॅनेजरने दारातच शाल घातली. मी ती रंगमंचावरच्या राजासारखी सावरली आणि डौलात आत शिरलो.

मॅनेजर जरा बाहेर गेला, तशी स्क्रू पिळणारी एक बाई मान वर न करता म्हणाली, "साहेब, मघाशी फोनवर मराठी बोलत होतात ना?"

ती साताऱ्याकडची. नवरा हवालदार, सीमेवर. ही दिल्ली कॅन्टोन्मेंटमधून कंपनीच्या बसने यायची.

"ती भट्टी बघितली का?" तिने स्क्रूड्रायव्हरने दाखवलं. अनुदानातून घेतलेलं ते मोठं यंत्र. सुटे भाग त्यात तापून बोर्डाला पक्के चिकटतात. "दिवाळीत पूजा झाली तिची. तोंडाशी काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक अजून जसंच्या तसं हाय. एकदा जरी तापली असती, तर राहिलं असतं का?"

"मग हे बोर्ड?"

"तयार येतात खोक्यातनं, परदेशातनं. आमी झाकण लावतो नि वर 'मेड इन इंडिया'चा स्टिकर. ह्यांच्या चौकीवर असलेच कॅमेरे बसणार हायत, म्हणून सांगितलं. माझं नाव मातर कुठं येऊ देऊ नका."

मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. हात ठेवणं झकास जमलं, असंही तेव्हा मनात आलं.

अहवाल सोमवारी द्यायचा होता. पण दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, ऑफिसात डबे उघडले आणि माझ्याच्याने राहवेना. टॉवेल पदरासारखा घेतला, चमचा स्क्रूड्रायव्हरसारखा धरला आणि भट्टी, स्वस्तिक, सगळं तिच्याच हेलात करून दाखवलं. लोक हसून टेबलं बडवायला लागले. "अरे यार, एक बार और." मी नक्कल परत केली. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. त्या कारखान्यात मराठी बाई एकच होती.

सोमवारी अहवाल लिहायला घेतला, तोच मॅनेजरचा फोन. "सर, उस दिन मशीन मेंटेनन्स में थी. एक बार फिर देख लीजिए."

गेलो. भट्टी धगधगत होती. स्वस्तिक पुसलेलं. तिच्या खुर्चीवर दुसरीच मुलगी होती.

"वो मैडम?"

"घर की कुछ प्रॉब्लम थी, सर."

मी अहवालात लिहिलं : यंत्र चालू स्थितीत आढळले. वाक्यात खोटं काही नव्हतं. पहिल्या भेटीचं लिहिलं असतं, तर बातमी आधी बाहेर कोणी फोडली, हे मलाच विचारलं असतं. ते लिहिलं नाही.

भाद्रपदात कॅन्टोन्मेंटच्या गणपतीत सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, दरवर्षीप्रमाणे. आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उभा राहिलो, तर पातेल्यापाशी ती.

"साहेब, आमची नक्कल लई झकास करता."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मॅनेजरनी करून दाखवली. कामावरून काढताना."



"चुकलं माझं," मी म्हणालो.

"माझं जाऊ द्या. ते कॅमेरे थांबवले ना?"

मी मान हलवली. नाही.

तिने शिऱ्याचा द्रोण माझ्या हातावर ठेवला. सगळ्यांइतकाच, भरून.

"पुढं सरका," ती म्हणाली. "मागं लोकं हायत."