सुभेदाराला घाटात सोडलं नाही

माझं लग्न झालं तेव्हा घरात सासू नव्हती. नवरा फौजेत, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. एरवी घरात दोघंच, सासरे आणि मी. आमच्याकडे सुनेनं सासऱ्यांसमोर बसायचं नाही, आपण होऊन बोलायचं नाही. त्यात मी मुळातच अबोल. "वाढलंय" आणि "व्हय मामा" एवढ्यावर माझा दिवस निघायचा.

एका सुट्टीत नवऱ्यानं रंगीत टीव्ही आणला. त्यावर रविवारी सकाळी जपानी चित्रांची एक मालिका लागायची. वाटीएवढ्या डोळ्यांची माणसं, किल्ले, घोडे, आग ओकणारी जनावरं. एक तलवारवाला तरुण, एक पांढऱ्या दाढीचा जादूगार आणि एक पोरगी, असे तिघं कुठल्याशा लांबच्या मुलखाला पायी निघालेले. बोलणं सगळं हिंदीत. मी चौथी शिकलेली, मला त्यातलं काही कळायचं नाही. स्वयंपाकघराच्या दाराआड बसून तांदूळ निवडत मी नुसती चित्रं बघायची.

मामा, म्हणजे सासरे, फौजेतले पेन्शनर, हिंदी त्यांना चांगलं यायचं. एका रविवारी ते टीव्हीकडे तोंड करून मोठ्यानं बोलायला लागले. "पोरगी म्हणती, पाणी संपलं. जवान म्हणतोय, माझ्यातलं घे." मला वाटलं, एकटेच बोलतात. मग ध्यानात आलं, मी दूध उतरवायला उठले की ते गप्प होतात, आणि परत येऊन बसले की मधलं सगळं सांगून टाकतात. तलवारवाल्याला ते जवान म्हणायचे आणि म्हाताऱ्याला सुभेदार.

"आमचं थोरलं भाऊ बर्मात ह्या जपान्यांशी लढलं," एकदा म्हणाले, "आन् मी बसलोय त्यांची कार्टुनं बघत."

मी पदर तोंडात धरून हसले.

मग त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, एक आधी काढायचा होता. सांगलीला जायच्या आधीच्या रविवारी ते तिघं बर्फाच्या घाटात होते. सुभेदाराचा पाय मुरगळला. "तो म्हणतोय, तुमी दोघं व्हा पुढं, माझ्यापायी खोळंबू नका," मामांनी सांगितलं, आणि भाग तिथंच संपला.

लोणंदहून रेल्वेनं सांगलीला गेलो. काठी टेकत मामा पुढं, पिशवी घेऊन मी दोन पावलं मागं. सांगलीच्या स्टेशनात पायरी न दिसून ते ठेचकाळले. माझा हात पुढं गेला, आणि मीच मागं घेतला. सासऱ्यांना हात कसा लावायचा? ती गोष्ट मला दिवसभर टोचत राहिली.

शनिवारी ऑपरेशन झालं. संध्याकाळी सांगलीतच दिलेली नणंद आली तर मामा तिला म्हणाले, "हिला गावाला धाड. म्हशीचं कोण बघणार? माझ्यापायी हितं कशाला खोळंबायचं?"

"आबा, गप पडा," नणंद म्हणाली. "म्हशीला शेजारीण हाय. तुमाला कोण हाय?"

मला मात्र ते बोलणं सुभेदाराचं वाटलं.

रविवारी सकाळी मी विश्रामबागला नणंदेच्या घरी टीव्हीसमोर बसले. जवान आणि पोरगी पुढं चालली होती. पोरगी वळून वळून बघत होती. सुभेदार बर्फात ठिपक्याएवढा झाला, आणि लाइट गेली. साडेदहा वाजले होते. बारापर्यंत ती आलीच नाही.

दुपारी डबा घेऊन दवाखान्यात गेले. मामा पट्टी बांधून उताणे पडलेले. ते छताला म्हणाले, "आज रविवार न्हवं?"

मी स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसले. "मामा, ती दोघं परत फिरली," मी म्हणाले. "पोरगीच आधी फिरली. सुभेदार लय रागावलं, जावा म्हणालं. पोरगी म्हणाली, न्हाई जायाची. मग तिनं काठीचं एक टोक धरलं, दुसरं त्यांच्या हातात दिलं, आन् घाट उतरवला."

शेजारच्या खाटेवर जतकडचे एक मेंढपाळ म्हातारबा होते. मामांनी त्यांना मागची गोष्ट सांगितली होती. "आन् तो तलवारवाला काय करत हुता गं बाई?"

"सामान धरलं हुतं त्यानं."

"मंजी हमाल झाला की!"

"जवानच त्यो, वझं उचलणारच," मामा म्हणाले. पट्टीखाली त्यांना हसू फुटलं. गावाला धाडायचं त्यांनी परत काढलं नाही.

सुट्टी मिळाली त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी मामा थांबले. "सूनबाई, काठीचं टोक धर." मी धरलं. स्टेशनात, गाडीत चढताना आणि लोणंदला उतरताना मीच पुढं होते.

डॉक्टरांनी महिनाभर टीव्ही बघायचा नाही म्हणून सांगितलं होतं. पुढच्याच रविवारी मामा टीव्हीकडे पाठ करून बसले आणि म्हणाले, "आज चित्रं तू सांग, बोलणं मी सांगतो. भाईर येऊन बस, दाराआडनं ऐकू येत न्हाई."

मी उंबऱ्याबाहेर येऊन बसले.

"सुभेदार हाय का?"

"हायेत. घोड्यावर बसल्यात."

"घोडा कुठनं आला?"

मी सुपातले तांदूळ चाळवायला लागले. मामा म्हणाले, "गेल्या रविवारी साडेदहाला दवाखान्यातला पंखा पण बंद पडला हुता."

मला मान वर करायचा धीर होईना.

"घोड्यापरास काठी बरी," मामा म्हणाले. "सांग पुढं. पोरगी कुठं हाय?"