खंडेनवमीची चाचणी

खंडेनवमीच्या सकाळी मी आमच्या प्रयोगशाळेत जे केलं, ते एखाद्या नवशिक्याने केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

दोन वर्षं मी दुचाकीच्या एका छोट्या इंजिनामागे हात धुऊन लागले होते. गार इंजिन सुरू केलं की पहिली काही सेकंद ते हावऱ्यासारखं पेट्रोल पितं आणि अर्धवट जळालेलं धुरातून बाहेर टाकतं. तेवढ्याच सेकंदांत पेट्रोल कमी करायचं आणि तरी इंजिन बंद पडू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. हिंजवडीत नोकरी करणारा भाऊ म्हणायचा, "जग बॅटरीवर चाललंय आणि तू इंजिनाचं पथ्यपाणी करत बसलीयेस!" भाऊ गेला उडत. पण आमच्या साहेबांनाही आता तसंच वाटायला लागलं होतं. त्या संध्याकाळी सहाच्या बैठकीपर्यंत धुराचे आकडे मर्यादेत आले नाहीत तर काम बंद, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

मी घाबरले होते. एरवी यंत्रांची पूजा बाहेर गेटपाशी होते. मी मात्र झेंडूचा हार आणि मोगऱ्याच्या जाड उदबत्त्या घेऊन थेट चाचणीच्या खोलीत शिरले. गाडी रात्रभर तिथे गार होत उभी होती. पेट्रोलच्या गाडीशेजारी निखारा नेला, हा आणखी वेगळा मूर्खपणा. गाडीला हार घातला, मनोभावे ओवाळलं आणि उदबत्त्या विझवून बाहेर आले.

चाचणीला गाडी चालवतात ते आमचे चाचा. पुण्याच्या कॅम्पातले, गॅरेजवाल्यांच्या घरातले. गाडी रोलरवर जागच्या जागी पळते आणि पडद्यावरची वेगाची रेघ पकडून ठेवावी लागते. चाचांचं मनगट त्या रेघेवरून तसूभर हलत नाही.

आकडे आले. मर्यादेच्या कितीतरी वर.

"यंत्रच बिघडलंय!" मी ओरडले. चाचांनी हेल्मेट काढलं, हवा हुंगली आणि म्हणाले, "मॅडम, खोलीला मोगऱ्याचा वास कसा काय?"

मला माझ्या उदबत्त्या आठवल्या. आमच्याकडे गाडीचा धूर खोलीतल्या हवेत मिसळून मोजतात, आणि खोलीतली नुसती हवाही वेगळ्या पिशवीत भरून तपासतात. त्या पिशवीचे आकडे पाहिले. घाण होती ती खोलीतल्या हवेत. म्हणजे चाचणी रद्द.

"गाडीचं काही खरं-खोटं अजून कळलेलं नाही," चाचा शांतपणे म्हणाले. "नापास फक्त तुम्ही झालात."

मी स्वतः जाऊन साहेबांना सांगितलं.  ते म्हणाले, "आपण इंजिनिअर आहात ना?"

पुन्हा चाचणी घ्यायची तर गाडी निदान सहा तास गार व्हायला हवी. चाचांची अर्ध्या दिवसाची रजा होती, नातीला कात्रजच्या सर्पोद्यानातले साप दाखवायचे होते. त्यांनी घरी फोन लावला, "बेटा, साप कुठे जात नाहीत, उद्या जाऊ." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. खोलीची दारं उघडली, पंखे लावले, हार उतरवला.

पावणेसहाला नवे आकडे आले. मर्यादेच्या खूप खाली, दोन वर्षांतले सगळ्यात चांगले. खोलीतली हवाही स्वच्छ होती.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "हे शक्य नाही. पिशव्या पुन्हा तपासा."

पुन्हा तपासल्या. तेच आकडे.

साहेबांनी कागद माझ्या हातात दिला. "चला. बैठकीत आपणच सांगा."

दोन वर्षं माझ्या इंजिनावर सगळ्यांनी संशय घेतला होता. ते फार स्वच्छ आहे म्हणून घेतलेला हा पहिला संशय. मला इतका आनंद झाला की बैठकीचा जिना मी रडत रडत चढले.