तहकुबीचा अर्धा तास

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला मी रस्त्यात कुणाशी काय बोललो तेही सांगतो. आज तुम्हाला सांगायला बसलोय तर आवाज अजून तसाच चढतोय. लाजेनं खाली यायला हवा ना? पण नाही, उत्साहानं चढतोय, आणि माझं सगळं तिथंच बिघडलं.

एक्क्याण्णवनंतरची गोष्ट. सरकारचेच वांधे झाले होते, त्यामुळे सहकारी संस्थांचा आधार एकाएकी आटला. मग कायदाही बदलू लागला — तोट्यातल्या छोट्या सोसायटीनं सभेत ठराव करावा आणि शेजारच्या मोठ्या संस्थेत मिसळून जावं, नाही तर गाशा गुंडाळावा. रावेरकडच्या एका गावात आमची केळी विक्री सोसायटी होती. मी तिचा सेक्रेटरी, पिंप्राळ्याहून रोज गाडीनं जायचो. नवी दुरुस्ती हातात पडली आणि माझ्या अंगातच आलं की हो. गाडीत, टपरीवर, सलूनच्या खुर्चीत — भेटेल त्याला कलमं समजावत सुटलो. सगळा देश बदलतोय आणि त्यातलं काहीतरी आपल्याला कळतंय — ही नशा तुम्ही कधी चाखलीय का?

नाना आमचे चेअरमन. सोसायटी त्यांनीच उभी केलेली, मला नोकरीला लावलं तेही त्यांनीच. विलीनीकरण त्यांना नको होतं. केळी मोजायचा काटा आपल्या गावात राहिला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. काटा गेला की आपलं वजन दुसरे सांगणार. बहुतेक सभासद त्यांच्याच बाजूचे. सगळ्यांची मतं पडली असती तर माझा विलीनीकरणाचा ठराव सपशेल आपटला असता, हे मला ठाऊक होतं.

आणि नेमकी सभेच्या दिवशीच स्टेशनवर केळीची वॅगन लागली. ती मी लावली नव्हती — पण मनात लाडू फुटले, खोटं कशाला बोलू? सगळं गाव घड भरायला फलाटावर. सभेला आलेले मोजके, तेही विलीनीकरणवाले, घरचे ट्रक असल्यामुळे वॅगनची गरज नसलेले. माणसं पुरेशी नसली की सभा अर्धा तास तहकूब करायची, आणि मग असतील तेवढ्यांत तीच सभा चालवायची, असा नियम. नाना उठले.

"लोकायले घेऊन येतो. मी आल्याशिवाय सुरू नको करजो."

"निर्धास्त जा नाना," मी म्हणालो.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. वॅगन भरायला घेतली की दार लागेपर्यंत कुणी हात सोडत नाही. बोलवायला गेलेल्यानंही आधी घड उचलायचा, मग बोलायचं. नाना तेच करणार होते. माझा शब्द घेऊन गेले होते, मग घाई कशाला करतील? हे मला माहीत होतं. नीट माहीत होतं.

अर्धा तास झाला. मी व्हाइस चेअरमनना खुर्चीत बसवलं, ठराव वाचला, एकेक कलम असं खणखणीत समजावलं की काय सांगू. हात वर झाले, टाळ्या पडल्या. माझ्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा कुणी टाळ्या वाजवत होतं.

तेवढ्यात ते आले. सदऱ्यांवर केळीच्या चिकाचे डाग, सगळ्यांच्या पुढे नाना. ठराव झाल्याचं कळलं तसे लोक माझ्यावर धावून आले — आमच्याशिवाय सुरू केलंच कसं? आणि मी, नानांच्या देखत, म्हणालो, "नानाच म्हणाले, माझी वाट बघू नको."

सगळे नानांकडे वळले. नाना माझ्याकडे बघत राहिले. एका शब्दात माझी नोकरी गेली असती, ठरावही बारगळला असता.

"म्हटलं असन," नाना बोलले.

का बोलले? मला वाचवलं, की माझ्या तोंडी लागायचीच शिसारी आली? मी कधी विचारलं नाही. काटा दुसऱ्या गावी गेला. नानांनीच सोसायटी विकली, असं गावात पक्कं झालं. पारावर ते येऊन बसले की बोलणी थांबायची. मी मोठ्या संस्थेचा सेक्रेटरी झालो. जळगावला, धुळ्याला शिबिरांत नव्या कायद्यावर बोलायला मला बोलवायचे, आणि मी रंगून बोलायचो, नानांची आठवणही व्हायची नाही.

नाना वारले तेव्हा भेटायला गेलो. अक्का, त्यांची बायको, भिंतीला टेकून बसल्या होत्या. बायका उठून गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"खरं सांग भाऊ. तेही घरात कधी बोलले नाही. तुले खरंच तसं म्हटलं होतं का त्यायनं?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. नोकरी पक्की झालेली, ठराव जुना झालेला, कशाचीही भीती उरलेली नव्हती.

मी म्हणालो, "हो अक्का."

त्यांनी मान हलवली आणि मला चहा घेऊन जायला सांगितलं. मी चहा घेतला.