गोलकीपर आला ऑडिटला

पट्टीवर दुसरी रेघ उमटली नाही, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत मी तेव्हा क्वालिटी इन्चार्ज होतो. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधणं. आणि टेबलावर चालली होती ती बीटी टेस्ट. सरकीचे दाणे ठेचायचे, द्रावणात ढवळायचे, त्यात कागदी पट्टी बुडवायची. एक रेघ आली तर कापूस साधा, दोन आल्या तर बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारा गुण बियाण्यातच घातलेला. ऑरगॅनिक मालात तो चालत नाही.

समोर बसला होता हॉलंडचा ऑडिटर, योस्त. सहा फूट चार इंच. तिकडच्या लहान मुलांचे कपडे बनवणाऱ्या एका कंपनीला आमच्याकडून ऑरगॅनिक रुई हवी होती. माल खरा आहे का, ते बघायला कंपनीने याला पाठवलं होतं. आमचं बोलणं इंग्रजीत होई. इथे मराठीत सांगतो.

"एकच रेघ. छान," तो म्हणाला. "दुसरा नमुना?"

दुसराही पास झाला. तसा होणारच होता, पण चोराच्या मनात चांदणं. सगळे नमुने मी एक नंबरच्या गोदामातून आणले होते आणि तिथला कापूस सोळा आणे खरा होता. भानगड होती ती तीन नंबरमध्ये.

खरा कापूस होता सुमनताई इंगळे यांच्या गटाचा. देऊळघाटच्या बाजूची पस्तीस घरं. आजूबाजूचं सगळं शिवार बीटीने भरलेलं असताना या लोकांनी तीन वर्षं साधा कापूस लावला, निंबोळीचा अर्क फवारला आणि गावाची चेष्टा ऐकून घेतली. ऑरगॅनिकचं सर्टिफिकेट तीन वर्षांनी मिळतं. ते तिसरं वर्ष होतं. पण माल भरला कमी आणि शेठजींनी ऑर्डर घेऊन ठेवली होती मोठी. मग शेठजींनी दोन ट्रक बीटी कापूस आणून तीन नंबरमध्ये टाकला. ऑडिट आटोपलं की दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही माल एकत्र मशीनवर चढवायचे, असा बेत. रजिस्टरमध्ये तेवढ्या मालापुरती खोटी घरं वाढवण्याचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर चांगलं आहे, त्यामुळे रजिस्टर फारच विश्वासार्ह दिसत होतं.

योस्त पूर्वी व्यावसायिक गोलकीपर होता, हे शेठजींना कुठून तरी कळलं होतं. झालं! गेटवर बॅनर लागला, "जगप्रसिद्ध गोलकीपर यांचे हार्दिक स्वागत." चहा घेताना शेठजींनी मला विचारायला लावलं, "वर्ल्ड कप खेळला का म्हणावं?"

योस्त हसला. "चौदा वर्षं प्रोफेशनल होतो. तीन क्लब झाले. त्यात मॅच खेळलो एकतीस."

"आन् बाकीच्या?"

"बाकीच्या बाकावर बसून बघितल्या. मी दुसरा गोलकीपर होतो. पहिल्याला दुखापत झाली तर मी मैदानात. पहिला तब्येतीने फार चांगला होता."

शेठजींचा चेहरा पडला. "म्हंजे राखीव गडी! जाऊ दे, बॅनर त लागलाच आता," असं म्हणून त्यांनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला.

जेवणाच्या सुट्टीत हमालांनी अंगणात दोन गाठी उभ्या केल्या आणि त्याला गोलमध्ये उभं केलं. वॉचमनकडचा व्हॉलीबॉल मिळाला. पाच जणांनी पाच पेनल्टी मारल्या. पेनल्टी म्हणजे मारणारा एक, अडवणारा एक, मध्ये कोणी नाही. पाचही अडल्या. एका हमालाने तर चिडून चप्पल फेकली. तीही याने झेलली.

तेवढ्यात सुमनताई आल्या. एसटीने आल्या होत्या, साहेबासाठी भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन. योस्तने ठेचा खाल्ला, लालबुंद झाला आणि आणखी मागितला.

ताईंनी मला बाजूला घेतलं. "साहेब, आमचा माल वेगळा ठेवला न तुमी?"

"वेगळाच आहे, ताई."

"पास होईन न? औंदा नाई झाला त आमची पोरं बी आता बीटीच लावतो म्हंतेत. तीन वर्साचं मातेरं होईन पाहा."

"होईल पास," मी म्हणालो. ठेचा न चाखताच मी रजिस्टर आणायला निघालो.

दुपारी योस्तने रजिस्टर मिटलं. "बाकीचा माल दाखव."

"एवढाच आहे."

तो उठला आणि फॅक्टरीत पहिल्यांदाच आला होता तरी सरळ तीन नंबरच्या दाराशी जाऊन उभा राहिला. दाराला कुलूप होतं.

"किल्ली मुनीमजींकडे आहे आणि ते अकोल्याला गेलेत," मी म्हणालो. किल्ली माझ्या पँटच्या खिशात होती.

तो पायरीवर बसला आणि मलाही बसायला सांगितलं.

"तुम्हाला हे गोदाम कसं कळलं?" मी विचारलं.

"तू सांगितलंस. पेनल्टी मारणारा माणूस सगळीकडे बघतो, फक्त जिथे मारायचं तिथे बघत नाही. सकाळपासून तू मला फॅक्टरी दाखवतोयस. बाथरूमसुद्धा दाखवलंस. या दाराकडे एकदाही बघितलं नाहीस."

 मग तो, कोणी विचारलं नसताना, स्वतःचं सांगू लागला. "माझ्या एकतीस मॅचपैकी एकीत बॉल रेषेच्या आत गेला होता. पूर्ण आत, म्हणजे गोलच. मी ओढून बाहेर काढला. रेफ्रीला दिसलं नाही. त्यामुळे आमचा क्लब वरच्या डिव्हिजनमध्ये टिकला आणि समोरचा खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला. त्यांच्या गोलकीपरला मी ओळखत होतो. त्यांच्या क्लबने त्याला काढून टाकलं."

"मग तुम्ही?"

"मी काय? लोकांनी मला खांद्यावर घेतलं. माझी सगळ्यात गाजलेली मॅच तीच."

हे सांगताना तो हसत नव्हता. मग त्याने नियम सांगितला. लपवलेला माल त्याने स्वतः शोधून टेस्ट केला, तर आमच्या आवारातला सगळाच माल बाद. सुमनताईंचाही. पण फॅक्टरीनेच आधी सांगितलं की हा माल वेगळा आहे, ऑर्डरचा नाही, तर तेवढाच बाजूला काढायचा. खरा माल वाचतो.

"मला अजून काही दिसलेलं नाही," तो म्हणाला. "दार बंद आहे."

 नोकरी डोळ्यांपुढे आली, शेठजी आले, आणि मग अंगणात गाठीला टेकून बसलेल्या सुमनताई खरोखरच दिसल्या. मी खिशात हात घातला आणि किल्ली काढून त्याच्या हातात दिली. मुनीमजी अकोल्याहून इतक्या लवकर कसे आले, हे त्याने विचारलं नाही.

शेठजी धावत आले. "काऊन बे, तुले कोनं सांगतलं होतं शहाणपना कराले?"

"शेठजी, सगळाच माल बाद झाला असता. आपलं नावही गेलं असतं."

"आन् आता राह्यलं का?"

राहिलं. ऑर्डर कमी गाठींची झाली, पण माल हॉलंडला रवाना झाला. गटाला सर्टिफिकेट मिळालं. तीन नंबरचा कापूस बीटी म्हणून बाजारात विकला गेला आणि शेठजींचं काहीच अडलं नाही. त्यांनी मला क्वालिटीवरून काढून तेलघाण्यावर टाकलं. योस्तबरोबरचा फोटो मात्र फ्रेम करून ऑफिसात लावला. खाली लिहिलं, "आमची परंपरा, पारदर्शक व्यवहार."

सुमनताईंचा माल आपण वाचवला, या आनंदात मी वर्षभर होतो. तेलघाण्यावर बसून माणूस दुसरं काय करणार? मग एकदा धाड गावच्या बाजारात त्या भेटल्या. विषय निघाला, तेव्हा मी जरा छाती काढून सगळी हकिकत सांगितली.

त्या शांतपणे मेथी निवडून घेत होत्या. "मले मालूम होतं, साहेब. ट्रकवाला आमच्याच गावचा. तीन नंबरात काय टाकलं ते त्यानं आदल्या दिवशीच सांगतलं होतं."

"मग तुम्ही त्या दिवशी..."

"भाकर द्याले काय मी एवढ्या लांब येईन? तुमी चाबी देता का नाई, ते पाह्याले बसली होती. देली नसती त मीच सांगणार होती साहेबाले. मंग आमचा माल वाचो का मरो."

मी विचारलं, "आधी मला का नाही बोललात? माल वेगळा ठेवला का, एवढंच विचारलंत."

"इचारलं न. आन् तुमी हो म्हनले," त्या म्हणाल्या, आणि मेथीची जुडी पिशवीत टाकून पुढच्या दुकानाकडे गेल्या.