नळातली नीळ

साक्षीच्या नाकाची गोष्ट सांगायची तर सुरुवात तिच्या बापाच्या नाकापासून करावी लागते, कारण नाक एकाच घराण्यातलं. भिकनअण्णा मूळचे विंचूरचे, उभी हयात कांद्याच्या बाजारात गेलेली. कांदा साठवायची चाळ कितीही मोठी असो, अण्णा दारात उभे राहायचे, नाक वर करायचे आणि म्हणायचे, "तिकडं, भिंतीकडंला, खालच्या थरात एक नासलाय." लोक हसत हसत उपसायला घ्यायचे आणि खरंच बोट लावलं की फसकन आत जाईल असा काळा, पाणचट कांदा निघायचा. एका लग्नात बासुंदीचं पातेलं पंगतीत आलं, तर अण्णांनी वाटी नुसती नाकाशी नेली आणि उठून उभे राहिले. मुलीचा मामा बाह्या सरसावून आला, "आमच्या बासुंदीला नावं ठेवता?" अण्णा गेले आणि हात धुऊन बाजूला बसले. संध्याकाळी तोच मामा टमरेल घेऊन बाभळीच्या आडोशाला पळताना दिसला, आणि त्याच्या पुढे-मागे अर्धं वऱ्हाड.

असा माणूस म्हातारपणी नाशकात आला. पंचवटीच्या पुढे, द्राक्षांचे मळे मोडून झालेल्या वसाहतीत त्यांनी दोन खोल्या बांधल्या. दुसऱ्याच्या पेल्याला तोंड लावणार नाहीत, पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय पिणार नाहीत.

साक्षी त्यांची थोरली. नाक तेच, पण डोकं गणिताचं. लहानपणी मामाच्या द्राक्षबागेत ठिबकच्या नळ्या बघत बसायची. पहिल्या झाडापाशी टपटप, मधल्यापाशी टप आणि शेवटच्या झाडापाशी नळी नुसती ओली. "मामा, शेवटच्यानं काय पाप केलंय?" असं विचारायची. पुढे कॉलेजात तिला कळलं की ह्याचंही गणित मांडता येतं. जिथे नळ्या मिळतात तिथे एक ठिपका काढायचा, नळीची एक रेघ काढायची. ठिपक्यात जेवढं पाणी येतं तेवढंच बाहेर गेलं पाहिजे, आणि रेघेवर जाता जाता पाण्याचा जोर किती कमी होतो त्याचं समीकरण लिहायचं. ठिपके-रेघांचं असं अख्खं गाव संगणकात उभं करता येतं. खोटं गाव, पण खऱ्यासारखं वागणारं. पाणी असो की तारेतली वीज, हिशेबाची रीत तीच. साक्षीला हे इतकं आवडलं की तिनं पोटापाण्याचा धंदाच तो केला. एका खाजगी कचेरीत ती शहरांच्या नळपाण्याची असली खोटी गावं उभी करू लागली.

आणि मग तिच्याच वसाहतीचं काम टेबलावर आलं.

त्याच पावसाळ्यात तिची आई, लताबाई, काविळीनं पडली होती. डोळे हळदीसारखे, अन्नावर वासना नाही. अण्णा म्हणाले, "पाणीपुरी खाल्ली असंल चोरून." ती बाई चैत्रापासून घराबाहेर पडली नव्हती. पण साक्षीला नळाच्या पाण्याचा वास येत होता. हलकासा, ओल्या पोतेऱ्यासारखा. ती आईला उकळून पाणी द्यायची आणि स्वतः तांब्या तोंडाजवळ नेताना श्वास रोखायची. गंमत बघा, चाळीतला एक कांदा हुंगणाऱ्या अण्णांना घरच्या पाण्याचा वास येत नव्हता. आपल्या घरचं म्हटलं की नाकसुद्धा मेलं लबाड होतं.

साक्षीनं आपल्या गल्लीचं गणित मांडलं, पण ते जुळेना. गल्लीच्या तोंडाशी मोजलेलं पाणी एवढं होतं की साध्या नळांतून तेवढं निघालंच नसतं. मग तिनं मानलं की प्रत्येक दारामागे एक टिल्लू मोटर आहे, नळालाच जोडलेली, पाणी ओढणारी. आकडे असे चपखल बसले की तिलाच शिसारी आली. कारण त्याबरोबर गल्लीच्या शेवटच्या टोकाला, जिथे पाइप गटाराखालून जातो तिथे, दाबाचा आकडा वजा आला. दाब वजा म्हणजे पाइप पाणी देत नाही, चोखतो. सांध्याला बारीकशी फट असली तर बाहेर जे काही असेल ते आत घेतो. आणि बाहेर काय होतं ते तिनं रोज येता-जाता नाकाला ओढणी लावून पाहिलं होतं.

कचेरीतले महेश सर पडद्याकडे बघून म्हणाले, "वजा? पाण्याचा दाब कधी वजा असतो का? चूक आहे ती. शून्य कर."

"सर, चूक नाही. लोकांनी मोटरी लावल्यात."

"कुणी सांगितलं?"

"मी मानलं."

"मग मानू नकोस. शून्य केलं की लाल ठिपका हिरवा होतो आणि आपण मोकळे. शुक्रवारी पाठवायचंय."

त्या गुळगुळीत आवाजाचीसुद्धा साक्षीला किळस आली. घाण काढायची नाही, तिच्यावर हिरवा रंग मारायचा! "शुक्रवारपर्यंत पुरावा आणते," म्हणाली आणि उठली.

सकाळी पाणी यायच्या वेळेला ती घरोघर गेली. शेजारच्या नवसाबाईच्या ओट्यावर पालथं घमेलं, घमेल्यावर तुळशीची कुंडी आणि घमेल्याखालून घूं घूं आवाज.

"मावशी, मोटर आहे का?"

"मोटर? आमच्याकडं? छे गं बाई!"

"मग आवाज कसला येतोय?"

"मिक्सर लावलाय सूनबाईनं."

"तुळशीखाली?"

"तुला काय करायचंय गं? आमची तुळस, आमचा मिक्सर!"

पुढच्या घरी फ्रिज घरघरत होता, त्याच्या पुढच्या घरी म्हातारा घोरत होता म्हणे, आणि म्हातारा तर दारात दात घासत उभा. सगळे हसून खोटं बोलत होते. साक्षीच्या तोंडाला कडवट पाणी सुटलं. घरी येऊन पाहते तर मोरीत पिंपामागे, पोत्याखाली, आपलीही घूं घूं.

"अण्णा, ही कधी लावली?"

"लावली आसंल. समद्यांनी लावलीय."

"हिच्यामुळे आईला कावीळ झाली."

"उगं काय बी बोलू नको. आपली मोटर आपल्यापुरतं पानी ओढती."

"सगळ्या मिळून पाइपातला जोर संपवतात, अण्णा. मग पाइप गटार चोखतो. माझ्या गणितात ते दिसतंय."

"तुझं गनित! मानू, मानू, मानू! अगं, मानलेला भाऊ कधी सख्खा आसतो व्हय? मानलेली मोटर, मानलेली घान! खरं काय हाय ते दाखव, मंग बोल."

आतल्या खोलीत लताबाई कण्हली. साक्षीला आधी रडू आलं, मग राग आला आणि मग दुकान आठवलं. ती कोपऱ्यावर गेली आणि कपड्यांना द्यायची नीळ घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी पाणी यायच्या जरा आधी ती गल्लीच्या टोकाला गेली. ते गटार कसलं वर्णावं? वर साय धरलेली, सायीत केस, शाम्पूच्या पुड्या, भाताची शितं आणि एक फुगलेली चपाती, तिच्यावर माश्यांचा बाजार. मधूनच तळातून एक बुडबुडा यायचा आणि फुटला की डोळ्यांना पाणी यायचं. नाकाला रुमाल बांधून, जिथे पाइप बुडाला होता तिथेच तिनं सगळी नीळ ओतली आणि काठीनं ढवळली. बाजूच्या खांबाला धरून ओकली, तोंड पुसलं आणि गल्ली पालथी घालायला निघाली. ठरवलं होतं की प्रत्येक दारात सांगायचं, आज कुणी पाणी तोंडाला लावू नका, आणि पाणी आलं की सगळ्यांना आपापल्या बादलीत निळं दाखवायचं.

पण पाणी त्या दिवशी लवकर आलं.

ती दोन घरं सांगून होते न होते तोच तिच्याच घरातून अण्णांची आरोळी आली. "अगं ये! धावा! चमत्कार झाला!"

झालं होतं असं. अण्णांनी नेमानं आंघोळ केली, मोटर सुरू केली, तांब्याचा गडू नळाखाली धरला आणि देवघरातल्या पांढऱ्या संगमरवरी पिंडीवर धार धरली. पिंड निळी! तबकात निळं पाणी! अण्णा हात जोडून उभे, "नीळकंठ परसन्न झाला! घरची कावीळ उतरली म्हना आता!"

नवसाबाई तुळस सोडून धावत आली. पाठोपाठ गल्लीतल्या बाया. कुणी घंटी वाजवली. नवसाबाईनं ओंजळ पुढे केली, "भिकनभाऊ, तीर्थ द्या हो!" अण्णांनी पळीनं दिलं. तिनं ते भक्तीनं प्यायलं आणि ओला हात डोक्याला पुसला.

साक्षी धापा टाकत दारात आली. "पिऊ नका! मावशी, पिऊ नका! गटारातलं आहे ते!"

घंटी थांबली.

"गटारात मी नीळ ओतली आत्ता, टोकाच्या. ती नळातून इथं आली. आज रंग आहे म्हणून दिसलं. रोज बिनरंगाचं येतं."

नवसाबाईनं आधी साक्षीकडे पाहिलं, मग आपल्या निळ्या ओंजळीकडे आणि मग जी धावली ती थेट मोरीत. तिथून जे आवाज आले ते लिहिण्यासारखे नाहीत. ते ऐकून बाकीच्या दोघी-तिघी तोंडावर पदर धरून बाहेर पळाल्या. त्यांनीही सकाळीच काल भरलेल्या पाण्याचा चहा केला होता.

अण्णा पिंडीसमोर तसेच उभे. त्यांनी गडू हळूच नाकाशी नेला. ह्या वेळी नाक लबाड झालं नाही. चेहरा आक्रसत गेला, बासुंदीच्या पंगतीत आक्रसला होता तसा. त्या पंगतीतून तरी ते उठून गेले होते. स्वतःच्या घरातून कुठे उठून जाणार?

"द्येवाच्या डोक्यावर..." एवढंच म्हणाले. मग मोरीत गेले, नवसाबाईला बाजूला व्हायला सांगितलं, पिंपामागचं पोतं फेकलं आणि ओल्या हातांनी मोटर उपटू लागले.

"अण्णा, आधी बटण बंद करा!" साक्षी किंचाळली. तिनंच बटण बंद केलं, नाहीतर गोष्ट निराळीच सांगावी लागली असती.

साक्षीनं निळ्या पिंडीचा फोटो महेश सरांना पाठवला. लगेच फोन आला. "हा कुठला देव?"

"वजा दाब, सर."

मग तिनं गटारातल्या निळीची हकीकत सांगितली. सर म्हणाले, "राहू दे तुझं वजा." आकडा तसाच गेला. महिन्याभरात टोकाचा पाइप गटाराखालून काढून वरून घातला.

मोटरी सगळ्यांनीच काढल्या असं मात्र समजू नका. दोन घरं अजून घोरतात. साक्षीच्या गणितात ती दोन्ही आहेत, आणि त्या दारांवरून जाताना तिच्या तोंडाला अजून कडू पाणी सुटतं. आता नळाला करंगळीएवढी धार येते. अण्णा तिच्याखाली घागर ठेवून राखण करत बसतात. लताबाईनं पाणी मागितलं की पेला भरतात, आधी स्वतः हुंगतात, पुन्हा हुंगतात आणि मग म्हणतात, "घे. मानलेलं नाय, खरं हाय."