आबांची कॉपी

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ऐकू येत नाही हे राहुरीच्या आमच्या सगळ्या गल्लीला माहीत होतं. फक्त आबांना मान्य नव्हतं. अठरा वर्षं तोफखान्यात काढलेला माणूस. "मला समदं ऐकू येतं, तुमीच पुटपुटता," म्हणायचे. एकदा शेजाऱ्याने आपले वडील वारल्याचं सांगितलं, तर आबांनी "वा, पेढे कुठंयत?" असं विचारलं. त्यानंतर कुठे ते अपंगत्व पेन्शनचा अर्ज करायला तयार झाले.

अर्ज फेटाळला गेला. नोकरीतल्या दर वर्षीच्या तपासणीत त्यांचे कान ठणठणीत असल्याची नोंद होती. म्हणजे बहिरेपणा निवृत्तीनंतरचा.

"आबा, खरंच ठणठणीत होते?" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

ते जरा चुळबुळले. "न्हाई. कॉपी केली हुती."

तपासणीत डॉक्टर पाठीमागे लांब उभे राहून आकडे कुजबुजायचे, आबांनी ते परत म्हणायचे. समोर रांगेत त्यांचा जोडीदार उभा असायचा. त्याचे कान तेव्हा शाबूत होते. तो बोटांनी आकडा दाखवायचा. नापास झालो तर तोफेवरून काढून कोठारात बसवतील, ही आबांना धास्ती.

आता त्या जोडीदाराची, म्हणजे काकांची, साक्ष हवी होती. एसटीने आम्ही कोल्हारला गेलो. एव्हाना काकांचेही कान गेलेले; नोकरीच्या शेवटच्या वर्षी, आबांची तपासणी पार पडल्यावर. ओसरीवर दोघांनी एकमेकांची ख्यालीखुशाली विचारली, तर शेजारचे दोघे भांडण सोडवायला धावत आले.

"काका, मग तुमच्या शेवटच्या तपासणीला खुणा कोणी केल्या?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

"ह्योच की!"

"पण आबांना ऐकू कुठं यायचं?"

काका आबांकडे वळून ओरडले, "म्हनून व्हय मी नापास झालो!" पण त्या नापासाची नोंद असल्यामुळेच त्यांची पेन्शन पहिल्या अर्जात मंजूर झाली होती. हे लक्षात आल्यावर ते आत गेले आणि शाल आणून आबांच्या खांद्यावर टाकली.

'मी बोटे दाखवली' असं काकांचं प्रतिज्ञापत्र आम्ही जोडलं आणि अपील केलं. मग पुन्हा तपासणी. काचेच्या खोलीत कानावर हेडफोन लावून आबांना बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. आबा प्रत्येक वेळी बरोबर दाबत होते! मी नीट पाहिलं, तर त्यांची नजर काचेपलीकडच्या बाईंच्या हातावर.

दार उघडून मी ओरडले, "आबा, आता तरी नापास व्हा!"

बाईंनी हसत हसत त्यांची खुर्ची भिंतीकडे फिरवली. आबा ताठ बसले, अंगठा बटणावर. बाई आवाज वाढवत गेल्या, पण बटण एकदाही दाबलं गेलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वळवून विचारलं, "कवा चालू करताय?"

बाई हसायच्या थांबल्या. मीही.

अपील ऐकणाऱ्या बोर्डातल्या साहेबांनी प्रतिज्ञापत्र वाचलं आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आबांपुढे धरलं : इतकी वर्षं का लपवलंत?

"तोफ सोडायची न्हवती, साहेब."

तीन महिन्यांनी मंजुरीचं पत्र आलं, पाठोपाठ श्रवणयंत्रही. ते कानात घालून आबा घरभर फिरले. सगळ्यात आधी त्यांनी छताचा पंखा बंद करायला लावला. "लई करकरतोय. कवापासनं?"

"दहा वर्षं झाली, आबा."

"मंग सांगायचं न्हाई का?" म्हणत ते तेलाची बाटली शोधायला गेले.