दाणा चावून पाहणारी मावशी

मंगरूळपीर रस्त्यावरची बाबांची डाळमिल माझ्या हाती आली, तेव्हा पहिला राग आला तो तिथल्या गोंधळाचा. कोण काय करतं याचा पत्ताच नाही. हमाल मशीनला तेल घालतोय, मशीनवाला पोती शिवतोय. मी मुळातच तापट. त्यात वाशीमच्या एका प्रशिक्षणात नुकतंच ऐकून आले होते, की प्रत्येकाचं काम ठरलेलं असलं तरच धंदा सुधारतो. मग काय, सगळ्या माणसांना एकेक करून ऑफिसात बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, इथं तुमचं नेमकं काम काय?

मावशी खुर्चीवर बसलीच नाही. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ती मिलच्या अंगणात कामाला. "झाडतो, दुसरं काय!" म्हणाली. मी लिहिलं, अंगण झाडणे. तक्ता भिंतीवर लावला, मुकादमाने सगळ्यांना वाचून दाखवला. मला फार भारी वाटलं होतं तेव्हा.

भरडण्याआधी तुरीला तेलपाणी लावून अंगणात वाळवतात. ती कधी उचलायची, हे आता मुकादम नव्या यंत्रावर ओलावा बघून ठरवणार होता. आधी कोण ठरवायचं, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

हंगामातला पहिला मोठा माल वाशीमच्या व्यापाऱ्याकडे गेला आणि तसाच परत आला. डाळीला सालं चिकटलेली. मुकादमाने वरवरचे दाणे यंत्रात घातले होते, खालचा थर दमटच होता. पण मी ओरडले मावशीवर, कारण ती समोर होती.

"दिवसभर अंगणात असतेस, तुला दिसलं नाही?"

"दिसलं ना. दाना चावला तवाच समजलं. पन ते माह्यं काम नाही आता. तुमीच लिहून देलं."

जन्मभर मला 'तू' म्हणणारी बाई 'तुमी' म्हणाली. आणि मग आठवलं. थराखालचा दाणा काढून ती दाढेखाली धरायची, कट्ट वाजला की ओरडायची, "उचला रे!" बाबासुद्धा त्या आवाजावर खुर्ची सोडायचे. लहानपणी मी तिची नक्कल करायचे. हे सगळं मी विसरले कशी, याची अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. आठ दिवस मी ताठ्यात काढले, मग मेडशीला तिच्या घरी गेले. तिने चहा ठेवला.

"मावशी, तेव्हा झाडते एवढंच का सांगितलंस?"

"तू मले खुर्चीवर बस म्हनलं. मले वाटलं, मानसं कमी करून राह्यली. मोठं काम सांगतलं असतं तं तू म्हनली असती, ते यंत्र करते, तू जाय घरी. झाडनाऱ्या बाईले कोनी काढत नाही."

 मी म्हटलं, परत चल.

"आता नाही येत मी," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

तक्ता मी फाडून टाकला. आता दुपारी अंगणात मीच दाणा चावते. कधी कट्ट वाजतो, कधी वाजल्यासारखा वाटतो. मी "उचला" म्हणते. हमाल एकदा माझ्याकडे बघतात, आणि खालच्या थरात हात घालून एकेक दाणा स्वतःच्या तोंडात टाकतात.